फुकटच्या कंपायलरचं घोडं कुठे पेंड खातं?

"जीसीसी फुकट आहे, जगभर चालतो, मग माझ्याच लॅपटॉपवर का चालत नाही?" इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची मुलं हे विचारतात, बीसीएच्या मुली विचारतात आणि नोकरी सांभाळून हौसेनं सी शिकायला बसलेली चाळिशीतली माणसंही विचारतात. प्रश्नाच्या शेपटाला बहुधा एक शंका असते : फुकटचा माल आहे, दर्जाच कमी असेल का?

शंकेचा निकाल आधी लावू. लिनक्सचा गाभा १९९१ पासून मुख्यतः जीसीसीवर बांधला जात आला आहे आणि तो लिनक्स आज बँकांच्या सर्व्हरपासून घरातल्या वायफाय राउटरपर्यंत सगळीकडे चालतो. दर्जाबद्दल यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मी तरी पाहिलेलं नाही. अडचण वेगळ्या जागी आहे. 'कंपायलर' म्हणून आपण जी एक वस्तू बसवायला जातो ती एक वस्तू नसतेच. ती चार-पाच स्वतंत्र प्रोग्रॅमची साखळी असते, आणि साखळी तुटली की नेमकी कोणती कडी तुटली हे नवख्याला कुणी सांगत नाही.

(या प्रकरणात आज्ञा आणि संदेश आपण तोंडानं म्हणतो तसे देवनागरीत दिले आहेत. संगणकावर ते अर्थातच इंग्रजी अक्षरांत असतात.)

१. १९८७ सालचे दोघे

सी ही भाषा डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७२ च्या सुमारास घडवली. पुढे १९८७ साली दोन कंपायलर बाजारात आले. पहिला बोरलँड कंपनीचा टर्बो सी, विकत घ्यायचा. दुसरा रिचर्ड स्टॉलमन यांचा जीसीसी. स्टॉलमननी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू प्रकल्पाचा तो भाग होता आणि कुणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, वाटावा अशा परवान्यानं दिलेला होता.

दोघांची घडण मुळातच निराळी. टर्बो सी डॉससाठी बनला होता. डॉसवर फारसं काही नसायचंच, म्हणून बोरलँडनं सगळं एकाच निळ्या पडद्यात बसवलं : लिहायला एडिटर, भाषांतराला कंपायलर, जोडणीला लिंकर, अडलं तर मदत. कंट्रोल-एफ-९ दाबलं की प्रोग्रॅम पळतो, ऑल्ट-एफ-५ दाबलं की उत्तर दिसतं. जीसीसी युनिक्सच्या घरात वाढला. तिथे एडिटर, लिंकर, लायब्ररी आधीपासून हजर असायच्या, त्यामुळे त्यानं फक्त आपल्या वाट्याचं काम केलं. विंडोजवर यातलं फारसं काही आयतं नसतं. जीसीसी तिथे पाहुणा म्हणून जातो आणि त्याचं अर्धं घर मागेच राहतं.

महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये तो निळा पडदा अगदी अलीकडेपर्यंत होता, काही ठिकाणी अजूनही आहे. चौसष्ट बिटांचं विंडोज टर्बो सीसारखे सोळा बिटांचे जुने प्रोग्रॅम चालवतच नाही. म्हणून डॉसबॉक्स नावाचा प्रोग्रॅम आत एक नकली जुना पीसी उभा करतो आणि त्यात टर्बो सी पळवला जातो. मुलगी घरी येते, लिनक्सवर जीसीसी बसवते, जर्नलमधला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप करते आणि पहिल्याच ओळीला ठेच लागते : 'कोनिओ डॉट एच' नावाची फाइल नाही!

कारण ती फाइल सी भाषेची नाहीच, ती डॉसवरच्या कंपायलरांची खासगी सोय आहे. आधीच्या वेळचं उत्तर टर्बो सीच्या पडद्यावर तसंच राहायचं, म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमच्या सुरुवातीला पडदा पुसणारी 'सीएलआरएससीआर' ही आज्ञा लिहायची पद्धत पडली. उत्तर क्षणात दिसेनासं व्हायचं, म्हणून शेवटी 'गेटसीएच'. दोन्ही गरजा त्या निळ्या पडद्याच्या होत्या. जर्नलं पिढ्यान्‌पिढ्या उतरवली गेली आणि त्या सी भाषेच्याच आहेत असा समज झाला. 'व्हॉइड मेन'चंही तेच. प्रमाणित सीमध्ये 'मेन'नं पूर्णांक परत करायचा असतो.

यापेक्षा फसवा फरक आकड्यांचा आहे. 'इंट' प्रकारच्या दोन चलांत प्रत्येकी २०० ठेवा, त्यांचा गुणाकार छापा. जीसीसी ४०००० दाखवेल. टर्बो सी दाखवेल उणे २५५३६. टर्बो सीमध्ये 'इंट'ला दोन बाइट मिळतात आणि त्यात ३२७६७ च्या वरचा आकडा मावत नाही. त्यापलीकडे गेलं की त्यातून ६५५३६ वजा झाल्यासारखं होतं, आणि ४०००० वजा ६५५३६ म्हणजे उणे २५५३६. आजच्या नेहमीच्या संगणकांवर जीसीसी 'इंट'ला चार बाइट देतो. 'इंट म्हणजे दोन बाइट' असं घोकलेलं उत्तर ओरलला चालून जातं, यंत्रावर चालत नाही.

२. दुकानात गेलात आणि कच्चा माल मिळाला

पुढचा घोळ डाउनलोडचा. जीसीसीच्या अधिकृत संकेतस्थळावरून फाइल उतरवली तर आत 'सेटअप' नावाचं काही सापडत नाही. असतो तो सोर्स कोड. जीसीसी प्रकल्प स्वतः फक्त सोर्स देतो, तयार प्रती इतर गट बांधतात.

आता हा सोर्स कोड वापरण्याजोगा करायचा तर तो कंपाइल करायला हवा, आणि त्यासाठी आधी एक कंपायलर हवा. कोंबडी आधी की अंडं, हा वाद इथे खरोखरच सोडवावा लागतो. पद्धत अशी : हाताशी असलेल्या कुठल्याही कंपायलरनं जीसीसीची पहिली प्रत बांधायची. त्या प्रतीनं तोच सोर्स वापरून दुसरी प्रत बांधायची, दुसरीनं तिसरी. मग दुसरी आणि तिसरी ताडून पाहायची. दोन्ही जुळल्या तर कंपायलर स्वतःचं भाषांतर नीट करतोय असं मानायचं. तपासणी सुंदर आहे, पण साध्या लॅपटॉपवर तिला तासन्‌तास लागू शकतात. २०१९ च्या सुमारास जीसीसीचा सोर्स साधारण दीड कोटी ओळींचा होता.

हे सगळं घरी करायची गरज नाही. उबुंटूवर 'बिल्ड-इसेन्शियल' नावाचं पॅकेज बसवलं की काम झालं. विंडोजसाठी मिनजीडब्ल्यू नावाच्या प्रकल्पानं तयार प्रत दिली. नंतर त्यातून मिनजीडब्ल्यू-डब्ल्यू६४ हा वेगळा प्रकल्प निघाला, आणि आज घ्यायचा तो हाच. गंमत म्हणजे नावं इतकी सारखी की शोधणाऱ्याच्या हाती पुष्कळदा पहिला, जुनाट पडलेला प्रकार लागतो. कोड-ब्लॉक्स या एडिटरच्या पानावर दोन सेटअप शेजारीशेजारी असतात, एकात कंपायलर असतो, दुसऱ्यात नसतो. फाइल लहान दिसते म्हणून लोक नेमकी दुसरी उचलतात आणि मग 'कंपायलर सापडत नाही' या संदेशावर डोकं धरून बसतात. नावात मिनजीडब्ल्यू असलेली फाइल घ्यायची, एवढाच तो भेद.

३. बसवला आहे, तरी ओळखत नाही

"जीसीसी इज नॉट रेकग्नाइज्ड ॲज ॲन इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड." विंडोजवर सी शिकणाऱ्या प्रत्येकानं हे वाक्य एकदा तरी वाचलेलं असतं, आणि ते वाचून बहुतेक जण कंपायलर काढून टाकतात व पुन्हा बसवतात. त्यानं काहीही होत नाही.

हे वाक्य कंपायलरचं नाहीच. ते कमांड प्रॉम्प्टचं आहे. तुम्ही नुसतं 'जीसीसी' असं टाइप केलं की त्या नावाचा प्रोग्रॅम सगळ्या डिस्कवर शोधला जात नाही. फोल्डरांची एक यादी असते, तिचं नाव 'पाथ'. तुम्ही उभे आहात तो फोल्डर आणि या यादीतले फोल्डर एवढीच झडती होते. यादीत नाव नसेल तर प्रोग्रॅम डिस्कवर असून नसल्यासारखा. तेव्हा जीसीसीची फाइल ज्यात आहे तो 'बिन' फोल्डर शोधायचा, विंडोजच्या 'एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्स' या खिडकीत जाऊन 'पाथ'मध्ये त्याचा पत्ता वाढवायचा. आणि त्यानंतर कमांड प्रॉम्प्ट बंद करून नवा उघडायचा. ही शेवटची पायरी राहून जाते. उघडी असलेली खिडकी जुनीच यादी धरून बसते, आणि 'सगळं बरोबर केलं तरी होत नाही' अशी तक्रार येते.

उलटा प्रकारही घडतो. वेगवेगळे प्रयोग करताना दोन-तीन जीसीसी बसलेले असतात आणि यादीत जो आधी तोच चालतो, मग तो दहा वर्षांपूर्वीचा का असेना. 'व्हेअर जीसीसी' असं विचारलं की विंडोज सगळ्यांचे पत्ते ओळीनं सांगतं.

एमसिस२ हा विंडोजवरचा आजचा चांगला मार्ग, पण त्याच्याही दोन खोड्या आहेत. त्याचं सेटअप चालवलं तरी कंपायलर येत नाही, तो आत जाऊन 'पॅकमॅन' या आज्ञेनं वेगळा मागवावा लागतो. शिवाय स्टार्ट मेनूत त्याच्या तीन-चार खिडक्या एकसारख्या नावांनी दिसतात. एका खिडकीसाठी जीसीसी मागवायचा आणि दुसरीच उघडून तो शोधत बसायचं, हा तिथला ठरलेला प्रसंग.

लिनक्सवाल्यांनी हसू नये. तिथे प्रोग्रॅम कंपाइल होतो, 'ए डॉट आउट' नावाची फाइल तयार होते, समोर दिसते, आणि नाव टाइप केलं की 'कमांड नॉट फाउंड'. तिथल्या शेलच्या, म्हणजे आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या, यादीत तुम्ही उभे आहात तो फोल्डर मुद्दामच नसतो. कुणीतरी त्या फोल्डरात नेहमीच्या आज्ञेच्या नावाचा घातक प्रोग्रॅम ठेवला तर चुकून तो चालू नये, म्हणून ही खबरदारी. नावाआधी टिंब आणि तिरपी रेघ लावली की 'इथलाच' असा अर्थ होतो.

४. साखळीतले चौघे

आता मुख्य गोष्ट. 'जीसीसी हॅलो डॉट सी' एवढं लिहून एंटर मारलं की पडद्यामागे चौघे ओळीनं काम करतात. पहिला प्रीप्रोसेसर. तो 'हॅश-इन्क्लूड'च्या जागी त्या त्या हेडर फाइलचा मजकूर आणून चिकटवतो. दुसरा खरा कंपायलर. तो सीचं भाषांतर असेम्ब्लीत करतो. असेम्ब्ली म्हणजे यंत्राच्या आज्ञा, पण माणसाला वाचता येतील अशा. तिसरा असेम्बलर त्याचे शून्य-एक करून 'ऑब्जेक्ट फाइल' बनवतो. चौथा लिंकर, आखूड नाव 'एलडी'. अशा फाइली आणि तयार लायब्ररी एकमेकांना जोडून तो चालवण्याजोगा प्रोग्रॅम देतो.

हेडर आणि लायब्ररी यांतला फरक इथे कळला नाही तर पुढचं सगळं धुक्यात जातं. हेडर हे उडप्याच्या हॉटेलातलं मेन्यूकार्ड समजा. 'वर्गमूळ नावाचा पदार्थ आहे, एक अपूर्णांक द्या, एक अपूर्णांक मिळेल' एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. पदार्थ शिजतो आत भटारखान्यात, म्हणजे लायब्ररीत. मेन्यूकार्ड मागवलं म्हणून ताटात डोसा येत नाही.

उदाहरण घेऊ. लिनक्सवर 'मॅथ डॉट एच' जोडून तुम्ही वर्गमूळ काढणारा प्रोग्रॅम लिहिला. संख्या वापरणाऱ्याकडून घेतली, 'एसक्यूआरटी'ला दिली. कंपाइल करताना उत्तर येतं : 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूआरटी', आणि खाली 'एलडी रिटर्न्ड वन एक्झिट स्टेटस'. नवखा पुन्हा पुन्हा हेडरची ओळ तपासतो. तिथे चूक नाहीच. तक्रार लिंकरची आहे, गणिताची लायब्ररी त्याला कुणी दिलेलीच नाही. आज्ञेच्या शेवटी 'डॅश एल एम' लिहिलं की प्रश्न मिटतो. शेवटी म्हणजे फाइलच्या नावानंतर. आधी लिहिलं तर कित्येक लिनक्सांवर तीच चूक पुन्हा दिसते.

यातला सगळ्यात छळवादी भाग पुढे आहे. त्याच प्रोग्रॅममध्ये चलाऐवजी सरळ २ चं वर्गमूळ मागितलं तर 'डॅश एल एम' न देताही सगळं बिनबोभाट चालतं! कारण संख्या ठरलेली असल्यामुळे कंपायलर वर्गमूळ स्वतःच काढून उत्तर लिहून टाकतो, लायब्ररीची गरजच उरत नाही. विंडोजवर मिनजीडब्ल्यूत गणिताची कामं मुख्य लायब्ररीतच येतात, तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. मित्राकडे चालतं, माझ्याकडे नाही. सकाळी चाललं, दुपारी नाही. याला माणूस वैतागला तर त्यात त्याचा दोष काय?

५. बोलतंय कोण ते आधी बघा

लॅबमधला नेहमीचा संवाद असा असतो.

"सर, एरर येतेय."

"कितव्या ओळीत?"

"सातव्या. पण सर, सातवी ओळ बरोबर आहे."

"सहावी बघ."

सहाव्या ओळीच्या शेवटी अर्धविराम नसतो. सीमध्ये ओळ संपली म्हणून वाक्य संपत नाही, अर्धविराम आला की संपतं. कंपायलर बिचारा पुढे वाचत जातो, सातव्या ओळीचा पहिला शब्द समोर येतो आणि तेव्हा त्याला कळतं की काहीतरी राहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! नवे जीसीसी याबाबत बरेच सुधारले आहेत. ख्रिस लॅटनर यांच्या एलएलव्हीएम प्रकल्पातून आलेला क्लँग हा कंपायलर २००७ मध्ये सर्वांना खुला झाला. त्याचे चुकांचे संदेश इतके स्वच्छ होते की जीसीसीलाही हातपाय हलवावे लागले. आता चुकीच्या जागी बाणासारखी खूण येते, 'प्रिंटएफ'चं स्पेलिंग चुकलं तर 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का' असंही तो विचारतो. फुकटच्या दोघांच्या चुरशीत फायदा शिकणाऱ्यांचा झाला.

एक महिरपी कंस राहिला की वीस-वीस चुका ओतल्या जातात. त्यातली फक्त पहिली वाचायची, ती दुरुस्त करायची, पुन्हा कंपाइल करायचं. उरलेल्यांतल्या बऱ्याच तिच्याच पिलावळी असतात.

काही संदेश मात्र वाचून उपयोग नाही, ते माहीत असावे लागतात. मिनजीडब्ल्यूवर 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू विनमेन' दिसलं तर याचा अर्थ तुमच्या प्रोग्रॅममध्ये 'मेन' सापडलं नाही. तेव्हा जोडणीतला तयार भाग विंडोजच्या खिडकीवाल्या प्रोग्रॅमचं दार शोधायला जातो, आणि तेही नसतं. पण 'मेन' तर समोर लिहिलेलं दिसतंय! व्हीएस कोड या एडिटरमध्ये वर फाइलच्या नावाशेजारी पाहा : बंद करायच्या फुलीच्या जागी एक भरीव ठिपका असेल. फाइल सेव्हच झालेली नाही, कंपायलरला कोरा कागद मिळालाय.

'पर्मिशन डिनाइड' दिसलं तर बहुधा जुना प्रोग्रॅम दुसऱ्या खिडकीत अजून चालू असतो आणि विंडोज त्याच्यावर नवा लिहू देत नाही. 'नो सच फाइल' दिसलं आणि फाइल तर फोल्डरात आहे, तर नोटपॅडनं शेवटी गुपचूप 'टीएक्सटी' जोडलेलं असतं. विंडोज ते शेपूट लपवून दाखवतं. फाइलच्या नावात मोकळी जागा असेल तर ते नाव अवतरणचिन्हांत द्यावं लागतं, नाहीतर जीसीसीला दोन फाइली दिल्यासारखं वाटतं.

६. चाललं, पण चुकलं

इथपर्यंतच्या अडचणी निदान ओरडून सांगतात. पुढच्या गप्प असतात. 'स्कॅनएफ'मध्ये चलाच्या आधी '&' ही खूण राहिली, तर कित्येक ठिकाणी प्रोग्रॅम कंपाइल होतो आणि चालवताना कोसळतो. 'स्कॅनएफ'ला हवा असतो चलाचा पत्ता, आपण देतो त्यातली किंमत. ती किंमतच पत्ता समजून तो भलत्याच ठिकाणी लिहायला जातो.

यावर उपाय आहे, पण तो आपण मागितल्याशिवाय मिळत नाही : आज्ञेत 'डॅश डब्ल्यू ऑल' लिहायचं. मग कंपायलर शंका आली तरी बोलतो. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा म्हणतात तसं, 'ऑल' असूनही सगळ्या सूचना त्यात नाहीत. उरलेल्यांतल्या काहींसाठी 'डॅश डब्ल्यू एक्स्ट्रा' वेगळं मागावं लागतं. नवशिक्यांना या सूचना आपोआप मिळायला हव्या होत्या असं माझं ठाम मत आहे. ती दिशा थोडी बदलते आहे. २०२४ च्या जीसीसी १४ मध्ये, न सांगितलेलं फंक्शन वापरलं की नुसती सूचना न देता कंपाइल करणंच थांबतं. 'स्टडीओ डॉट एच' न जोडता चाललेली जुनी जर्नलं त्या वर्षी एकदम अडली. फंक्शन वापरण्याआधी जाहीर करायला हवं, असा नियम १९९९ च्या प्रमाणित सीपासून होता. त्याची अंमलबजावणी व्हायला पंचवीस वर्षं गेली.

आणि आपला तो लाडका परीक्षेचा प्रश्न : 'आय'ची किंमत ५, तर 'आय प्लस-प्लस' अधिक 'प्लस-प्लस आय' किती? सीच्या प्रमाणग्रंथात याला उत्तरच नाही. एकाच वाक्यात एकच चल दोनदा असं बदललं, तर कंपायलरनं काय करावं हे भाषेनं मोकळं सोडलं आहे. एक कंपायलर एक उत्तर देईल, दुसरा दुसरं, आणि दोघेही बरोबर असतील. 'डॅश डब्ल्यू ऑल' लावलं तर जीसीसी स्वतःच सांगतो की 'आय'वरची ही क्रिया अनिश्चित असू शकते. पर्यायांतून 'बरोबर' आकड्याला खूण करायला लावणाऱ्यांनी हा संदेश एकदा पाहावा.

७. आज बसवायचाच तर

विंडोजवर सोपा रस्ता म्हणजे मिनजीडब्ल्यूसकट येणारा कोड-ब्लॉक्स. त्यात 'पाथ'ची भानगड सुरुवातीला बाजूला राहते. पुढे जायचं असेल तर डब्ल्यूएसएल घ्या. विंडोजच्या आतच उबुंटू मिळतं आणि विंडोजच्या बऱ्याचशा खोड्या टळतात, 'डॅश एल एम' तेवढं लक्षात ठेवायचं. उबुंटूवर जीसीसी वापरून सी शिकवणारे धडे आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पात फुकट आहेत. त्याच संस्थेत प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकारानं जीसीसी रिसोर्स सेंटर चाललं आणि जीसीसीच्या पोटात काय चालतं हे शिकवणाऱ्या कार्यशाळा झाल्या.

हाताशी लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइड फोनवर टर्मक्स हे ॲप चालतं. त्यात 'पीकेजी इन्स्टॉल क्लँग' एवढी एक आज्ञा दिली की कंपायलर येतो. तिथे 'जीसीसी' असं टाइप केलं तरी काम होतं, फक्त ते करतो क्लँगच.